पहिलं कम्युनियन चार महिने पुढे गेलं : वसईतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

वसई तालुक्यातल्या एका धर्मग्रामातली, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली, ही हकिगत. पहिलं कम्युनियन म्हणजे मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर मुलाने पहिल्यांदा स्वीकारणं. नावं बदलली आहेत, घर ओळखू येईल असे तपशील इकडचे तिकडे केले आहेत, आणि आई-वडिलांनी मजकूर वाचून होकार दिला आहे. मुलीने कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करताना, काय सांगितलं, यातलं इथे काहीही नाही. ते फादरांपाशी आहे आणि तिथेच राहील. इथे आहे ते तिने घरी, आईला सांगितलेलं. धर्मग्रामातल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांची व्यवस्था मी बघते, त्या नात्याने हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

घरात चौघं. विल्सन अंधेरीला खासगी कंपनीत, सकाळच्या विरार लोकलचा माणूस. शर्मिला खासगी रुग्णालयात नर्स, ड्युटी शिफ्टची. एलिशा आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमात तिसरीत. रायन चार वर्षांचा, आणि तो जागा आहे तोवर घरात दुसरं कोणी काही करू शकत नाही.

पाचवं माणूस म्हणजे आजी, विल्सनची आई. या सगळ्याच्या दीड वर्ष आधी, पावसाळ्यात ती वारली. तोवर सगळे वाडीतल्या जुन्या घरात राहत. साडेसात वाजले की आजी टीव्ही बंद करायची आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू व्हायची. प्रार्थना पुस्तकी मराठीत, मधल्या गोष्टी मात्र वसईतल्या सामवेदी बोलीत. नोहाचं तारू, हरवलेलं मेंढरू, आणि गोन्सालो गार्सिया. 'आपल्या वसईचा पोर', जो थेट जपानात गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. एलिशा आजीच्या मांडीवर, रायन बहुतेक वेळा झोपलेला. विल्सन त्या वेळी गाडीत, शर्मिला निम्मे दिवस ड्युटीवर. त्यात त्यांचा दोष नव्हता, वसईतली निम्मी घरं अशीच चालतात. दोघांनी मला वेगवेगळ्या दिवशी जवळजवळ एकच वाक्य सांगितलं, "धर्माचं सगळं आईच बघायच्या."

आजी गेली आणि सहा महिन्यांत हे लोक स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये आले. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर सोबत आली, हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागली. साडेसातची प्रार्थना मात्र वाडीतच राहिली. ती बंद करायची असं कोणी ठरवलं नव्हतं.

रविवारी मिस्साला जाणं सुरू होतं, पण चौघं मिळून क्वचितच. रायन बाकांखालून पळायचा, म्हणून विल्सन त्याला घेऊन बाहेर उभा राहायचा. दर रविवारी बाहेर आंब्याखाली उभे राहणारे पाच-सहा बाप असतातच, त्यांच्यात हा मिसळून गेला. एलिशा जूनपासून पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला यायची. चुलतबहीण क्रिसेल त्याच वर्गात. कार्यक्रम मे महिन्यात होता.

अडचण काय दिसली आणि काय होती

राखेच्या बुधवारानंतरच्या (ईस्टरआधीचा उपवासकाळ तिथून सुरू होतो) आठवड्यांत एलिशाचं रविवारी सकाळी पोट दुखायला लागलं. सोमवारी शाळेला जाताना ठणठणीत. मग रात्री दचकून उठणं सुरू झालं. मग 'सॉरी' म्हणणं. पाणी सांडलं सॉरी, रायनला धक्का लागला सॉरी, आणि काहीच झालं नाही तरी झोपण्यापूर्वी आईच्या कानाशी येऊन, "मम्मी, सॉरी." कशाबद्दल, विचारलं तर उत्तर नाही.

शर्मिलाने आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. मला हे फार बरं वाटलं. आपल्याकडे असं काही झालं की नजर काढण्यापासून नवस बोलण्यापर्यंत सगळं होतं आणि डॉक्टर शेवटी येतो. पोटात काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, कशाची तरी भीती दिसतेय, महिनाभरात कमी झाली नाही तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

भीतीचं पहिलं टोक तिच्या दप्तरात सापडलं. धर्मशिक्षणाच्या वहीच्या मागच्या दोन पानांवर बारीक इंग्रजी अक्षरात यादी होती. रायनचं चॉकलेट खाल्लं. ब्रश न करता केला म्हणाले. आजीच्या रोझरीत झोपले. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने एक चौकोन, आणि शेवटच्या ओळीवर इतकं खोडलेलं की कागद फाटला होता.

ती शेवटची ओळ काय होती हे कळलं ते पांढरा फ्रॉक घालून बघायच्या दिवशी. फ्रॉक शिवून आला होता. एलिशा घालेना. शर्मिलाला वाटलं, टोचत असेल. मुलगी रडायला लागली आणि म्हणाली, "माझं फर्स्ट नाहीये. मी आधीच खाल्लंय."

झालं होतं असं. जानेवारीत नात्यातल्या एका लग्नात ती करवल्यांच्या ओळीत होती. ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांग निघाली, मोठ्या मुली उठल्या, त्यांच्यामागे हीही उठली. वयाच्या मानाने उंच, अंगावर मोठ्या मुलींसारखाच पोशाख. तिने हात पुढे केले, हातावर पवित्र भाकर आली, तिने तोंडात टाकली. जागेवर परत येऊन बसली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी तिला काहीच वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते उपवासकाळात, वर्गात कन्फेशनची तयारी सुरू झाल्यावर. शिकवणारी टीचर कॉलेजात शिकणारी, मनापासून काम करणारी मुलगी. तिने सांगितलं की कम्युनियन घेण्याआधी आत्मा स्वच्छ हवा, आणि जो मोठं पाप मनात ठेवून जाणूनबुजून ते घेतो तो आणखी मोठं पाप करतो. एका मुलाने विचारलं, मग त्याचं काय होतं? टीचर म्हणाली, नरकात जातो. वर्ग संपला, मुलं समोसे खायला पळाली. एलिशाने घरी जाऊन हिशेब मांडला.

हिशेब तिच्या परीने चोख होता. आपण न सांगता कम्युनियन घेतलं. म्हणजे पाप. ते कन्फेशनमध्ये सांगितलं तर फादर मम्मीला सांगणार. मग कार्यक्रम रद्द, हॉलचे पैसे बुडाले. नाही सांगितलं तर दुसरं कम्युनियनही पाप, आणि त्याची जागा टीचरने सांगितलेलीच. आठ वर्षांच्या मुलीला या चारही बाजूंनी बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून पोट दुखत होतं.

इथपर्यंत ऐकल्यावर सगळ्यांचं बोट टीचरकडे गेलं. विल्सन तर भांडायलाच आला होता. "आम्ही काय तिला नन व्हायला पाठवतोय का?" तो बोलला ते रागात, पण मुद्दा खोटा नव्हता. मात्र त्याच वर्गात बसलेल्या क्रिसेलने आणि इतर मुलांनी ते वाक्य एका कानाने ऐकून सोडून दिलं होतं. एलिशाच्याच मनात ते का रुतलं, याचं उत्तर दोन आठवड्यांनी मी त्यांच्या हॉलमध्ये बसले असताना मिळालं. रायन जेवत नव्हता. शर्मिला सहज म्हणाली, "टाकलंस ना, तर देव शिक्षा करील हं." पाच मिनिटांत विल्सन, "खोटं बोलू नको, देव वरून बघतोय." दोघांनाही आपण काही बोललो हे कळलं नाही.

आजी होती तोवर या घरात देवाबद्दल रोज अर्धा तास गोड बोललं जात होतं, त्यात अशी दोन वाक्यं विरघळून जात. आजी गेल्यावर अर्धा तास गेला आणि फक्त वाक्यं उरली. आजी गेल्यापासून त्या मुलीने देवाचं नाव घरी ऐकलं ते बहुतेक धमकीतच.

समोर असलेले पर्याय

फादर, आई-वडील आणि मी बसलो तेव्हा मे महिना सहा आठवड्यांवर होता. चार वाटा होत्या.

पहिली, काही न बदलता रेटायचं. 'इतकी मुलं करतात, एकदा कन्फेशन झालं की भीती जाईल.' मोठ्या जावेचं हे मत. घाईघाईने फेटाळण्यासारखं ते नव्हतं, कारण कित्येक मुलांची भीती खरंच त्या पाच मिनिटांत जाते. पण इथे मुलीला भीती होती ती कन्फेशनमधून बाहेर आल्यावर काय होईल याची.

दुसरी शर्मिलाची. कम्युनियन मेमध्ये सगळ्यांबरोबर होऊ दे, कन्फेशन वर्षभराने, मुलगी मोठी झाल्यावर. ही विनंती बरेच पालक करतात. यावर फादरांना 'नाही' म्हणावं लागलं. पोप दहावे पायस यांनी ऑगस्ट १९१० च्या आदेशाने पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणलं, त्याआधी अनेक देशांत मुलं दहा-बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबवली जात. त्याच आदेशाने कन्फेशनचं वयही तेच धरलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची १९६०च्या दशकातली परिषद) काही ठिकाणी कन्फेशन नंतर ठेवण्याचे प्रयोग झाले, ते १९७३ मध्ये रोमने थांबवले. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं, ९१४ वं कलम आधी कन्फेशन, मग कम्युनियन असा क्रम सांगतं.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक वाचतात. मुलांची तयारी करून घेण्याची जबाबदारी ते सर्वप्रथम आई-वडिलांवर आणि धर्मग्रामाच्या धर्मगुरूंवर टाकतं. वर्ग, तुकडी, मे महिना, पांढरा फ्रॉक यातलं काहीही तिथे नाही. मूल तयार झालं की शक्य तितक्या लवकर, इतकंच. फादरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा विल्सन पहिल्यांदा पुढे सरकून बसला.

तिसरी वाट, वर्षभर पुढे ढकलायचं. ही सोपी आणि सुरक्षित दिसत होती. पण एलिशाच्या मनात त्याचा एकच अर्थ लागला असता, की शिक्षा झाली.

चौथी, तिला तुकडीतून काढायचं, तयारी घरी करायची, आणि ती तयार होईल त्या रविवारी नेहमीच्या मिस्सात कम्युनियन द्यायचं. तारीख आधी ठरवायची नाही.

चौथ्या वाटेला अडसर होता तो धर्माचा नव्हता, हॉलचा होता. क्रिसेल आणि एलिशाचा कार्यक्रम दोन्ही भावांनी मिळून ठरवला होता. अडीचशे पानं, केटरर, डीजे, जानेवारीतच दिलेला आगाऊ. हल्ली आपल्याकडे पहिलं कम्युनियन म्हणजे छोटं लग्नच झालंय. यावर धर्मगुरू दर वर्षी बोलतात आणि दर वर्षी हॉल मोठा होतो. गंमत अशी की मुलांना ज्या वचनाने घाबरवलं जातं ते बायबलमधलं, पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अकरावा अध्याय, 'अयोग्य प्रकारे भाकर खाणं' हे तिथलंच. तो अध्याय जरा आधीपासून वाचला तर पौल चिडलाय तो कोणावर? एकत्र जमल्यावर स्वतः आधी खाऊन घेणाऱ्या आणि गरिबांना उपाशी ठेवणाऱ्या खात्यापित्या मोठ्या माणसांवर. लहान पोरी तिथे कुठेच नाहीत.

काय ठरलं, काय केलं

चौथी वाट घ्यायची हे शर्मिलाने ठरवलं. विल्सनने मोठ्या भावाला फोन केला. त्या फोनबद्दल तो जास्त बोलत नाही. कार्यक्रम क्रिसेलच्या एकटीच्या नावाने झाला, खर्चाचा अर्धा वाटा विल्सनने तरीही दिला.

सगळ्यात आधी एलिशाला उत्तर द्यायचं होतं. फादरांनी तिला आठवड्यातल्या एका दुपारी, चर्च रिकामं असताना आईबरोबर बोलावलं. कन्फेशन नव्हे, नुसत्या गप्पा. आई मागच्या बाकावर. लग्नाची गोष्ट मुलीने आईला सांगितली होतीच, तिच्याच परवानगीने आईने ती फादरांना सांगितली होती. फादर तिला म्हणाले, मोठं पाप व्हायला तीन गोष्टी लागतात. गोष्ट गंभीर हवी, ती तशी आहे हे पूर्ण ठाऊक हवं, आणि ठाऊक असून मुद्दाम केलेली हवी. "तुला ठाऊक होतं?" नाही. "मुद्दाम केलंस?" नाही. "मग येशू तुझ्याकडे जरा लवकर आला, एवढंच झालं." तिने विचारलं, मग माझं फर्स्ट कुठलं? फादरांनी तिलाच विचारलं, तुला कुठलं वाटतं? ती म्हणाली, जे मला माहीत असेल ते. यावर मोठ्या माणसांनी वाद घालावा असं काही उरलं नाही.

मग तिने खरा प्रश्न काढला. तुम्ही मम्मीला सांगणार? कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही, शब्दाने नाही, खुणेने नाही, जीव गेला तरी नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वर्गाच्या पुस्तकात एक ओळ आहे, पण ती मराठीत, आणि एलिशा देवनागरी अजून बोट ठेवून वाचते. फादरांनी तिला जाळीमागची जागाही दाखवली आणि समोरासमोरच्या दोन खुर्च्याही, कुठे बसायचं ते तू ठरव म्हणाले. १९७३ च्या सुधारित विधीपासून दोन्ही चालतं. तिने जाळी निवडली. माझा अंदाज उलटा होता. मुलांना समोरासमोर बोलणं सोपं जातं असं आपण धरून चालतो.

घरचं काम याहून अवघड निघालं.

पहिली गोष्ट, धमकीची वाक्यं बंद. 'देव बघतोय', 'देव शिक्षा करील', 'येशूला रडू येईल'. शर्मिलाला आठवडाभरात जमलं. विल्सनला फार जड गेलं, कारण त्याला लहानपणी हेच ऐकवलं होतं आणि त्याचं म्हणणं, "मी बिघडलो का?" शेवटी घरात नियम झाला की भाजी टाकली तर भाजीबद्दल बोलायचं, देवाला ताटात आणायचं नाही. हा नियम मोडला की एलिशा पप्पांना टोकायची. जी मुलगी दिवसभर सॉरी म्हणत होती ती बापाला चूक दाखवायला लागली, तेव्हा शर्मिलाचा जीव भांड्यात पडला.

दुसरी, प्रार्थना. विल्सनला वाटत होतं, साडेसातची पूर्ण रोझरी पुन्हा सुरू करावी, आईसारखी. चार दिवस केली. साडेसातला तो गाडीतच असायचा, नऊला सुरू व्हायची, रायन तिसऱ्या रहस्याआधीच (रोझरीत अशी पाच असतात) भिंतीवर चढायला लागायचा, आणि पाचव्या दिवशी दोघांचं भांडण झालं. मग फादरांच्या सांगण्यावरून झोपायच्या वेळी दहा मिनिटं ठरली. दिवसातली एक गोष्ट, जिच्यासाठी थँक्यू म्हणायचंय. एक माणूस, ज्याच्यासाठी मागायचंय. एक नमो मारिया, मरियेची छोटी प्रार्थना. रायन जवळजवळ रोज जेसीबीसाठी मागायचा. शर्मिलाने विचारलं, याला प्रार्थना म्हणायचं का? मी म्हटलं, चार वर्षांच्या पोराला जेसीबीहून मोठं काही सुचलं असतं तर काळजी वाटली असती.

भाषेवर थोडी ओढाताण झाली. एलिशाला विचार इंग्रजीत सुचतात, प्रार्थना मराठीत पाठ आहेत, आणि आजीची आठवण सामवेदीत आहे. विल्सन म्हणे, आपली बोली जायला नको. शर्मिला म्हणे, आधी कळू दे. तोडगा कोणी काढला नाही, तो आपोआप निघाला. स्वतःचं मागणं इंग्रजीत, पाठाची प्रार्थना मराठीत, आणि गोष्ट सांगायची पाळी पप्पांची असेल तेव्हा बोलीत. पप्पांना गोष्टी येत नव्हत्या. आईच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं मेंढराचं कथानक सांगायला बसल्यावर त्याला अर्धं आठवेना, तेव्हा त्याने लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय, एका हरवलेल्या मेंढरासाठी बाकीची सोडून शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाचा, मोबाइलवर वाचला. चाळिशीतल्या माणसाने बायबल स्वतःहून उघडायची ती पहिली वेळ असावी.

मेंढराचीच गोष्ट का, तर तयारीचा कणा आम्ही तिथे ठेवला होता. रोममध्ये १९५४ मध्ये सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि जाना गोब्बी या माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका यांनी लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाची एक पद्धत सुरू केली. 'उत्तम मेंढपाळ' हा तिचा गाभा. त्यांचं निरीक्षण असं की सहा वर्षांखालच्या मुलांना आधी लागतं ते आपल्याला नावाने ओळखणारं कोणीतरी आहे हे कळणं, बरं-वाईट नंतर. मुलं ते ऐकून नाही तर हाताने खेळून शिकतात, म्हणून लाकडी मेंढपाळ, मेंढरं, कुंपण असं साहित्य असतं. मारिया माँटेसरी दुसऱ्या महायुद्धाची वर्षं भारतात होत्या, बालवाड्यांमधून त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे, पण धर्मशिक्षणाशी त्यांचं नातं आमच्या बऱ्याच शिक्षकांना नवीन होतं.

एलिशा आठची, म्हणजे या खेळाला तशी मोठी. पण तिचं नेमकं तेच राहून गेलं होतं. विल्सनने आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण केलं, मेंढरं नाताळच्या गोठ्यातली घेतली. दुसऱ्याच दिवशी एक मेंढरू गायब. शोधाशोध. रायनला सगळं माहीत होतं, कारण त्यानेच ते सोफ्याखाली ढकललं होतं. एलिशा म्हणाली, नऊ आहेत ना, राहू दे. मग स्वतःच थांबली आणि झाडू घेऊन सोफ्याखाली घुसली. शर्मिलाने हे मला फोन करून सांगितलं, रात्री साडेदहाला.

मिस्सात एक साधा बदल केला. हे लोक मागे बसायचे, मुलं रडली तर पटकन निघता यावं म्हणून. पण मागून रायनला दिसायच्या त्या फक्त लोकांच्या पाठी. तिसऱ्या बाकावर बसायला लागल्यावर त्याला वेदी, मेणबत्त्या आणि सेवक मुलं दिसायला लागली. पळणं थांबलं नाही, कमी झालं. एका काकींनी मागे वळून बघितलं की शर्मिलाला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परिणाम

मे महिन्यात क्रिसेलचा कार्यक्रम झाला तेव्हा एलिशा गेली, निळा फ्रॉक घालून. तो दिवस अवघड होता. 'हिचं का नाही?' हे निदान दहा जणांनी विचारलं, आणि घरच्यांनी काय उत्तर द्यायचं हे आधी ठरवलं नसल्यामुळे प्रत्येकाने वेगळं दिलं. कोणी म्हणालं आजारी होती, कोणी म्हणालं वर्गाला आली नाही. जूनपर्यंत वाडीत पसरलं होतं की ती नापास झाली.

तज्ज्ञांकडे जायची वेळ आली नाही. पोटदुखी एप्रिलअखेर थांबली होती, रात्रीचं उठणं त्यानंतर थोड्या दिवसांनी. ऑगस्टमध्ये तिने स्वतः सांगितलं की शनिवारी कन्फेशनला जायचंय. ती जाळीमागे गेली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि आईला विचारलं, वडापाव खायचा का?

सप्टेंबरमधल्या एका रविवारी आठच्या मिस्सात तिने ख्रिस्तशरीर स्वीकारलं. फ्रॉक मेमधलाच, चार महिन्यांत आखूड झालेला, म्हणून खाली लेस लावून वाढवलेला. फादरांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं नाही, तशी तिची अट होती. दुपारी घरी जेवण, जवळची माणसं, मोठा भाऊ सहकुटुंब. दोन्ही जावांचं बोलणं पूर्ववत झालेलं नाही, पण भांडी एकत्र घासली.

सगळं गोड झालं असं नाही. परीक्षेच्या दिवसांत सॉरी-सॉरी पुन्हा डोकं वर काढतं, त्यावर आई-वडिलांनी लक्ष ठेवायचं आहे. दहा मिनिटांची प्रार्थना आठवड्यातून चार-पाच रात्री होते. शर्मिलाची रविवारची ड्युटी असली की विल्सन दोघांना घेऊन येतोच असं नाही. आला तर तो तिसऱ्या बाकापर्यंत पोचतो. आंब्याखालच्या मंडळींनी त्याचं नाव 'फादर विल्सन' ठेवलंय.

वेगळं काय करता आलं असतं

हे सगळं जून महिन्यात कळू शकलं असतं. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात नाव घालताना आपण बाप्तिस्म्याचा दाखला घेतो, फोटो घेतो, फी घेतो. घरात प्रार्थना कोण घेतं, हा प्रश्न फॉर्मवर नाही. आजी वारली आहे आणि घर बदललंय, एवढं कळलं असतं तरी या मुलीकडे वेगळ्या नजरेने बघितलं गेलं असतं. कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हणणं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच रूढ केलं, आई-वडील हे मुलांचे पहिले शिक्षक हे आपण प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्याने वाचतो. नंतर आठ वर्षांनी त्यांना भेटतो ते हॉलच्या वेळेबद्दल बोलायला.

दुसरं, पाप कसं शिकवायचं. नरकाबद्दल बोलूच नये असं माझं म्हणणं नाही, ती चर्चची शिकवण आहे आणि मुलं विचारतातच. पण मोठं पाप आणि लहान चूक यांतला फरक, त्या तीन अटी आणि कन्फेशनची गुप्तता हे तिन्ही आधी यायला हवं. एलिशाच्या वर्गात क्रम उलटा होता. टीचरला यात एकटीला धरणं चूक आहे. तिला शिकवायला उभं करण्याआधी कोणी बसवून शिकवलं नव्हतं. पुढे ती स्वतःच एलिशाला भेटायला फ्लॅटवर गेली आणि मेंढरांशी खेळून आली.

तिसरं, लग्नाच्या मिस्सात लहान मुलांची रांग. करवल्यांना आदल्या दिवशीच्या सरावात सांगून ठेवलं की कोणी पुढे जायचं आणि कोणी हात छातीशी दुमडून आशीर्वाद घ्यायचा, तर हा प्रसंगच येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

चौथं घरच्यांनी सांगितलं. कार्यक्रमाचा आगाऊ द्यायला नको होता, आणि दिला तर निदान मुलांसमोर त्याचे आकडे बोलायला नको होते. विल्सनचं आणखी एक म्हणणं आहे, भावाला फोन न करता घरी जाऊन सांगायला हवं होतं.

मेच्या तुकडीवर आमच्या शिक्षकांत एकमत नाही. मला वाटतं, तयारी मुलागणिक वेगळी असते, तेव्हा तारीखही वेगळी असू द्यावी. दोन अनुभवी शिक्षिकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, मुलं एकमेकांना बघून धीर धरतात, एकेकट्याने केलं तर मिस्साला फक्त घरचेच येतील, आणि श्रीमंत घरं आपापली सोयीची तारीख पाडून घेतील. शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. सध्या इतकंच ठरलंय की मे कायम ठेवायचा, आणि जो पालक मागेल त्याला ऑगस्ट ते नोव्हेंबरमधला कुठलाही रविवार द्यायचा. नाव घालण्याच्या फॉर्मवर तो एक प्रश्न छापायचा आणि जूनमध्ये प्रत्येक घरी एकदा जाऊन यायचं, हेही मंजूर झालं आहे. मुलं चाळीसच्या वर, शिक्षक पाच, आणि पालक घरी सापडतात ते रात्री नऊनंतर. भेटींचं वेळापत्रक कोणी करायचं, यावर पुढची बैठक आहे.